टीव्हीला स्पीकर जोडताय? लाल-पांढरी पिन, ऑप्टिकल की एचडीएमआय, हे आधी ठरवा

भिंतीवर नवा पातळ टीव्ही लागला की पहिला आठवडा चित्राच्या कौतुकात जातो आणि दुसऱ्या आठवड्यात आवाजाची तक्रार सुरू होते. आमच्या अण्णांनी तर तिसऱ्याच दिवशी विचारलं, "चेहरे लई साफ दिसायलेत, पण हे बोलायलेत काय?" आवाज साठावर नेला तरी कीर्तनातले टाळ कानाला टोचायचे आणि अभंगाचे शब्द मात्र भिंतीतच राहायचे. थोडा दोष त्यांच्या कानांचा होता, नाही असं नाही. पण टीव्ही जितका पातळ तितके त्याचे स्पीकर बारके, आणि त्यांचं तोंड बहुधा खाली नाहीतर मागे भिंतीकडे. समोर बसलेल्याला जे ऐकू येतं ते भिंतीवर आपटून आलेलं.

उपाय बहुतेकांच्या घरातच पडलेला असतो: कपाटावर धूळ खाणारा जुना होम थिएटर, कधीकाळी कॉलेजात असताना जोडून घेतलेली अ‍ॅम्प्ली, नाहीतर दिवाळीत घेतलेला साउंडबार. अडतं ते फक्त वायरपाशी. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. नवखा माणूस एका रस्त्याने आत शिरतो आणि भलत्याच रस्त्याने बाहेर पडतो. टीव्हीच्या पाठीमागेही तसंच होतं. भोकं भरपूर, आणि त्यातली निम्मी आपल्या कामाची नसतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. कुठली वायर लावायची हे टीव्ही किती महागाचा आहे यावर ठरत नाही. आवाज ज्या डब्यात घालायचा त्यावर ठरतं, आणि आपल्या भागात तुमच्या घराच्या अर्थिंगवरही ठरतं.

दुकानात जायच्या आधी दोन फोटो

टीव्हीच्या पाठीचा एक आणि अ‍ॅम्प्लीच्या किंवा साउंडबारच्या पाठीचा एक असे दोन फोटो मोबाइलवर काढा. टीव्ही भिंतीला चिकटलेला असेल तर हात मागे घालून टॉर्च लावून काढा, पण काढा. "पिन पाहिजे, टीव्हीची" एवढ्या वर्णनावर दुकानदार जे हातात देईल ते घेऊन आलेले लोक मी दर महिन्याला बघतो.

आता फोटो मोठा करून अक्षरं वाचा. सर्वांत महत्त्वाचे दोन शब्द: 'इन' आणि 'आउट'. टीव्हीच्या मागे लाल-पांढरी-पिवळी भोकं दिसली की लोकांना वाटतं, चला, काम झालं. पण हल्लीच्या टीव्हीला ती जवळपास नेहमी 'एव्ही इन' असतात, म्हणजे डीव्हीडी किंवा सेट-टॉप बॉक्सकडून आत घेण्यासाठी. त्यातून आवाज बाहेर येत नाही, कितीही हलवलं तरी. बऱ्याच नव्या टीव्हींत तर 'एव्ही इन'चं भोकही हेडफोनच्या भोकासारखंच गोल आणि बारीक असतं. आमच्या शेजारच्या मामांनी त्यात पिन खुपसून दोन दिवस अ‍ॅम्प्ली खोलून बघितली. "आवाजच येईना गेलाय" म्हणून मला बोलावलं, तोवर अ‍ॅम्प्लीचे चार स्क्रू हरवले होते.

टीव्हीवर तुम्हाला शोधायचंय ते यांपैकी एखादं: हेडफोनचं चित्र असलेलं भोक किंवा 'ऑडिओ आउट' (हे अ‍ॅनालॉग), 'ऑप्टिकल' किंवा 'डिजिटल ऑडिओ आउट' लिहिलेली चौकोनी झडप, आणि ज्या एचडीएमआयशेजारी 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलंय ते भोक. शेवटची दोन्ही डिजिटल.

सेट-टॉप बॉक्स आणि डीव्हीडीला कधी कधी एक नारिंगी किंवा काळं एकटंच भोक असतं, 'कोअ‍ॅक्सिअल' लिहिलेलं. दिसायला अगदी लाल-पांढऱ्यासारखं, पण आतून डिजिटल. त्याची वायर अ‍ॅम्प्लीच्या लाल भोकात घातली तर गाणं येणार नाही, आली तर खरखर येईल.

अ‍ॅनालॉग आणि डिजिटल, फरक काय

अ‍ॅनालॉग म्हणजे तोंडी पाठवलेला निरोप, डिजिटल म्हणजे चिठ्ठी. तोंडी निरोपात मधला माणूस आपले दोन शब्द घालतोच; तसा अ‍ॅनालॉग वायरमध्ये वाटेतला सगळा गोंगाट मिसळतो आणि स्पीकरमधून ऐकू येतो. चिठ्ठी पोचली तर जशीच्या तशी पोचते, नाहीतर पोचतच नाही. म्हणून डिजिटलमध्ये 'थोडा खराब आवाज' असा प्रकार फारसा नसतो. आवाज असतो, तुटतो, किंवा नसतोच.

पण म्हणून डिजिटल म्हणजे सुरेल आणि अ‍ॅनालॉग म्हणजे भंगार, हे काही खरं नाही. दोनच स्पीकर असतील आणि वायर दोन मीटरची असेल, तर हेडफोनच्या भोकातून आलेला स्वच्छ आवाज आणि ऑप्टिकलचा आवाज यांतला फरक मालिका बघताना मला तरी ओळखता येत नाही. फरक पडतो तो हमिंगमध्ये, म्हणजे आवाजामागे चालू राहणाऱ्या 'घूं'मध्ये, आणि पाच-सहा स्पीकरचा खरा सराउंड हवा असेल तर.

जुनी अ‍ॅम्प्ली असेल तर: लाल-पांढरी

लाल-पांढऱ्या पिनेला आरसीए म्हणतात. 1930च्या दशकात अमेरिकेतल्या आरसीए या रेडिओ कंपनीने आणलेली ही पिन अजून चालते. लाल उजवा, पांढरा डावा. आपल्याला लागते ती एका टोकाला हेडफोनची 3.5 मिलिमीटर स्टीरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढरी अशी वायर. साधारण शे-दोनशे रुपयांत चांगली येते.

जोडताना आधी अ‍ॅम्प्ली बंद करा. आरसीए पिनेची मधली काडी बाहेरच्या कड्याच्या आधी टेकते, त्यामुळे चालू अ‍ॅम्प्लीत ती घातली की 'भुंग्ग' असा जो दणका बसतो त्याने एखादा स्पीकर जाऊ शकतो. पिन अ‍ॅम्प्लीच्या 'ऑक्स' किंवा 'लाइन इन'मध्ये घाला, माइकच्या भोकात नाही. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाजाच्या यादीत हेडफोन किंवा ऑडिओ आउट निवडा. काही टीव्ही पिन घालताच स्वतःचे स्पीकर बंद करतात, काहींना सांगावं लागतं.

सुरुवातीला टीव्हीचा आवाज सत्तर-ऐंशीच्या आसपास ठेवा आणि ऐकायला बरा वाटेल इतका अ‍ॅम्प्लीवरून जुळवा. उलटं केलं, म्हणजे टीव्ही वीसवर आणि अ‍ॅम्प्ली पूर्ण फिरवलेली, तर अ‍ॅम्प्ली आवाजाबरोबर वायरीतली घाणही मोठी करते. एकदा जमलं की अ‍ॅम्प्लीचा कान तसाच सोडा आणि रोजचं कमी-जास्त टीव्हीच्या रिमोटने करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकच रिमोट सांभाळावा लागतो, हा या जुन्या पद्धतीचा मोठा फायदा आहे.

आता हमिंगचं

वायर लागली, आवाज आला, आणि मागे अखंड 'घूंऽऽ' चालू. आपल्याकडे निम्म्या घरांत गोष्ट इथेच अडते, म्हणून यावर जरा जास्त बोलतो.

ही घूं म्हणजे आपली 230 व्होल्टची 50 हर्ट्झची वीज. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, अ‍ॅम्प्ली हे तीन डबे वेगवेगळ्या बोर्डांत लावलेले असतात आणि छतावरच्या डिशची किंवा केबलवाल्याची वायरही आत आलेली असते. या सगळ्यांची 'जमीन' एक नसली की फरकाचा प्रवाह ऑडिओ वायरच्या जाळीतून वाहतो आणि अ‍ॅम्प्ली त्यालाच गाणं समजून मोठा करते. त्यात टीव्हीचा प्लग दोन पिनांचा असेल तर त्याच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर हलक्या झिणझिण्या येतात, टेस्टरही मंद पेटतो. तीच गळती ऑडिओ वायरमध्येही उतरते.

अर्थिंग चांगलं असेल तर यातलं बरंच आपोआप जिरतं. पण अर्थिंगचा खड्डा ओला असेल तरच. 2016च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा अर्थिंगला कोण पाणी घालणार? त्या एप्रिलमध्ये माझ्या अ‍ॅम्प्लीची घूं इतकी वाढली की मी तिच्यातला 4440 आयसीचा, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या चिपचा, बोर्डच बदलून टाकला. काही फरक नाही. शेवटी आईने भांडी विसळलेलं पाणी आठवडाभर त्या मीठ-कोळशाच्या खड्ड्यात ओतलं, तेव्हा घूं अर्ध्यावर आली. काळ्या रानातली जमीन सुकली की भेगाळते आणि अर्थिंगचा पाइप मातीपासून सुटतो. हे कुठल्या वायरच्या खोक्यावर लिहिलेलं नसतं.

तुमच्याकडे घूं असेल तर या क्रमाने बघा. अ‍ॅम्प्लीतून पिन पूर्ण काढा. तरीही घूं असेल तर दोष अ‍ॅम्प्लीचाच, बहुधा फिल्टरचा कंडेन्सर सुकलाय. ते काम कारागिराचं. पिन काढल्यावर शांत झालं तर पिन परत लावा आणि सेट-टॉप बॉक्सच्या मागची डिशची किंवा केबलची वायर उघडा. घूं एकदम थांबली? मग ती छतावरून येतेय. तसं नसेल तर टीव्ही, बॉक्स आणि अ‍ॅम्प्ली तिन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डात लावून बघा. बऱ्याच घरांत एवढ्यानेच भागतं. आणि ऑडिओ वायर लाइटच्या वायरीसोबत एकाच पट्टीत घालून नेली असेल तर वेगळी करा.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. "वरची मोठी पिन तोडा, घूं जाते" असं सांगणारे गावोगाव आहेत. घूं जाते, खरंय. पण ती मोठी पिन म्हणजे अर्थिंग. अ‍ॅम्प्लीच्या आत ट्रान्सफॉर्मरची वायर कधी डब्याला लागली तर त्या पिनेवाचून करंट तुमच्या हातातून जमिनीत जाईल. लेकरं बटणं फिरवतात त्या डब्याशी असला खेळ नको.

इतकं करूनही घूं उरली तर दोन रस्ते आहेत. ऑडिओ वायरमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची बारकी डबी टाकायची. गाडीच्या टेपसाठी विकतात तीच चालते. नाहीतर ऑप्टिकलवर जायचं.

ऑप्टिकल: वायरीत तांबंच नाही

तोशिबाने 1983 साली सीडी प्लेअरसाठी ही जोडणी काढली, म्हणून तिला टॉसलिंक म्हणतात. प्लास्टिकच्या धाग्यातून लाल प्रकाश जातो आणि त्या प्रकाशाच्या उघडझापीत आवाज असतो. तांबं नाही, म्हणून टीव्ही आणि अ‍ॅम्प्ली यांच्यामध्ये वीज वाहायला वाटच नाही. घूं मुळातूनच तुटते. माझ्या मते आपल्या भागात ऑप्टिकल घ्यायचं खरं कारण हेच आहे, 'डिजिटल क्वालिटी' वगैरे नाही.

जोडायची रीत सोपी आहे, चुका मात्र ठरलेल्या. नव्या वायरीच्या दोन्ही टोकांना पारदर्शक प्लास्टिकची बारीक टोपी असते, ती काढा. (मी पहिल्यांदा काढली नव्हती. टोपीसकट दाबून बसवली, मग ती आतच अडकली, आणि बायकोच्या भुवयांच्या चिमट्याने बाहेर काढली.) टोक एका बाजूने कापलेल्या चौकोनासारखं असतं, ते एकाच दिशेने बसतं, 'टक्' आवाज आला की बसलं. टीव्ही चालू करून दुसरं टोक तळहातावर धरा. लाल ठिपका दिसला तर टीव्ही आवाज पाठवतोय. डोळ्यासमोर धरून निरखायची गरज नाही.

वायर कोनात मोडू नका, चार-पाच मीटरपेक्षा लांब शक्यतो घेऊ नका, आणि उंदरांचा माग असलेल्या सांदीतून नेऊ नका. सोन्याचा मुलामा दिलेल्या टोकांची ऑप्टिकल वायरही दुप्पट भावात मिळते. प्रकाशाला सोन्याचा काय उपयोग, ते विकणाऱ्यालाच विचारा.

मग टीव्हीत आवाजाच्या सेटिंगमध्ये 'ऑप्टिकल' निवडा. त्याच यादीत खाली कुठेतरी 'डिजिटल आउटपुट फॉरमॅट' असेल: पीसीएम, ऑटो, बिटस्ट्रीम, पास-थ्रू. दोन स्पीकरचं काहीही असेल तर डोळे झाकून पीसीएम, म्हणजे न दाबलेला साधा डिजिटल आवाज. डॉल्बी किंवा डीटीएस (सराउंड आवाज दाबून बांधायच्या दोन पद्धती) समजणारा 5.1, म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफरचा, होम थिएटर असेल तरच ऑटो किंवा बिटस्ट्रीम, कारण ऑप्टिकलमधून पीसीएम फक्त दोन चॅनलचा जातो. पाच-सहा स्पीकरचा आवाज जातो तो डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये बांधूनच.

ऑप्टिकलची एक खोड आहे. बहुतेक टीव्हींत रिमोटवरून आवाज कमी-जास्त होत नाही, साउंडबारचा रिमोट वेगळा घ्यावा लागतो. अण्णांना हे मुळीच पटलं नाही.

अ‍ॅम्प्ली जुनी, टीव्हीला हेडफोनचं भोकच नाही

ही जोडी आता फार दिसते. यासाठी ऑप्टिकलमधून लाल-पांढरी काढणारी काडेपेटीएवढी डबी मिळते. तिला डॅक म्हणतात. साधारण चार-पाचशे रुपयांपासून. घेताना 'डिजिटल टू अ‍ॅनालॉग' लिहिलंय का बघा, कारण उलट्या कामाची डबी अगदी तिच्या जुळ्या बहिणीसारखी दिसते आणि मला ऑनलाइन तीच आली होती. ओळखायची सोपी खूण: डबीला करंट द्या. तिच्या स्वतःच्या चौकोनी भोकातून लाल उजेड येत असेल तर ती उलटी आहे, परत करा. आपल्याला हवी ती उजेड घेणारी, देणारी नाही.

डबीला 5 व्होल्ट लागतात. सगळेजण ते टीव्हीच्या यूएसबीतून घेतात, आणि मग ऑप्टिकल लावूनही घूं येते म्हणून चक्रावतात. यूएसबीच्या वायरीने टीव्हीची जमीन परत अ‍ॅम्प्लीला जोडली जाते ना! मोबाइलचा एक जुना, चांगल्या कंपनीचा चार्जर वेगळा लावा. टीव्ही पीसीएमवर ठेवा; डॉल्बीवर राहिला तर डबी गप्प बसते किंवा 'खर्रर्र' करते.

असेंबल केलेल्या 5.1 अ‍ॅम्प्लीला मागे सहा भोकं असतात. टीव्हीच्या लाल-पांढऱ्याने त्यातली दोनच भरतात. सहाही खरोखर वेगळी वाजवायची असतील तर डॉल्बी-डीटीएस डिकोडर लागतो, साध्या डॅकने होत नाही.

साउंडबार असेल तर एचडीएमआय एआरसी

दोन्हीकडे एआरसी असेल तर दुसरा विचारच नको. एआरसी 2009 साली एचडीएमआय 1.4बरोबर आलं. एरवी एचडीएमआय टीव्हीच्या आत आवाज आणतं, एआरसीचं भोक तोच आवाज उलटा बाहेरही सोडतं. टीव्हीच्या रिमोटने साउंडबार चालू-बंद होतो आणि आवाजही कमी-जास्त होतो.

सेट-टॉप बॉक्सची वायर दुसऱ्या एचडीएमआयमध्ये हलवा आणि एआरसीचं भोक साउंडबारसाठी मोकळं ठेवा. साउंडबारवरही एआरसी लिहिलेलंच भोक घ्या. मग टीव्हीत सीईसी, म्हणजे एकाच रिमोटने दोन्ही यंत्रं चालवायची सोय, चालू करा. हा शब्द तुम्हाला यादीत सापडणार नाही, कारण प्रत्येकाने बारसं वेगळं केलंय: सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीमध्ये सिमप्लिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. शेवटी आवाजाच्या यादीत एचडीएमआय एआरसी निवडा. तरी आवाज आला नाही तर दोन्ही भिंतीवरच्या बटणाने बंद करा, चहा प्या, आधी टीव्ही मग साउंडबार असं चालू करा. हसू नका, दहातल्या सहा वेळा एवढंच लागतं.

ईएआरसी हवंच का? ते 2017 साली एचडीएमआय 2.1मध्ये आलं आणि ब्लू-रेसारखा न दाबलेला आवाज नेण्यासाठी आहे. ओटीटीवरचं अ‍ॅटमॉस, म्हणजे डॉल्बीचा वरूनही ऐकू येणारा सराउंड, डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येतं आणि ते साध्या एआरसीतूनही जातं, दोन्ही यंत्रांना ते समजत असेल तर. ईएआरसीसाठी टीव्ही बदलायला सांगणाऱ्याला नमस्कार करून पुढे जा.

जुन्या डीव्हीडी होम थिएटरवर एचडीएमआय दिसलं म्हणून खूश होऊ नका. एआरसी लिहिलेलं नसेल तर ते फक्त बाहेर चित्र पाठवतं, टीव्हीचा आवाज घेत नाही. तिथे परत ऑप्टिकल किंवा लाल-पांढरी.

ओठ आणि आवाज जुळत नाहीत

ब्लूटूथने टीव्ही जोडला की हे हमखास होतं. आवाज ओठांच्या मागे राहतो. गाण्यांना चालतं, मालिकेत माणूस वैतागतो. उलटा प्रकारही असतो: बॉक्सचं चित्र एचडीएमआयने टीव्हीला आणि आवाज लाल-पांढऱ्याने थेट अ‍ॅम्प्लीला दिला की टीव्ही चित्र सजवत बसतो आणि आवाज पुढे निघून जातो. चित्राचा मोड 'गेम'वर टाका, किंवा आवाज टीव्हीतूनच बाहेर काढा.

मृगाच्या आधी

वळवाचा पाऊस आणि मृग, या दिवसांत ढगात कडकडाट सुरू झाला की नुसता टीव्ही बंद करून भागत नाही. प्लग काढा आणि डिशची वायर बॉक्समधून उघडा. छतावर उतरलेला झटका त्या वायरीने बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआयने टीव्हीत आणि पुढच्या एचडीएमआयने साउंडबारमध्ये जातो. गेल्या जूनमध्ये आमच्या गल्लीत एका रात्रीत तीन टीव्हींचे एचडीएमआय पोर्ट गेले. प्लग काढल्यावर साउंडबारची एचडीएमआयही उपसून ठेवा. ऑप्टिकल तेवढी लावलेली राहिली तरी चालते.